लाईट गेल्यावर डिस्कचं काय होतं

घरी गेम सर्व्हर लावायचा म्हटलं की पोरं पहिल्यांदा विचारतात, ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं? सर्व्हरला ते लागतच नाही. चित्र खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर तयार होतं. सर्व्हर फक्त कोण कुठं उभा आहे, कुणी काय बांधलं, काय पाडलं याचा हिशेब ठेवतो. हा हिशेब कशावर लिहिला जातो आणि मध्येच लाईट गेली तर त्याचं काय होतं, हे दोन प्रश्न आमच्या कडेगावात सगळ्यात आधी विचारायला हवेत. पैसे घालायचे ते तिथंच घाला, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली. खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली घरं सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेली आणि तिथंच राहिली. त्यांची पोरं लग्नकार्याला, सुट्टीला, मोहरमला गावाकडं येतात. एरवी भावंडांची गाठ पडते ती माइनक्राफ्टमध्ये. आमच्या पोरांनी अशासाठीच गावाकडच्या घरात सर्व्हर लावला होता. त्यात त्यांनी आपली गल्ली बांधली आणि मोहरमचे उंच ताबूत उभे केले. ताबुतांच्या भेटी होतात ती जागा मोकळी ठेवायलाही ती विसरली नव्हती. तीनचार गावांत बसलेल्या भावंडांनी मिळून केलेलं ते काम बघून मला फार बरं वाटलं होतं.

वळवाच्या पावसात एका रात्री लाईट जात-येत राहिली. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद पडून आपोआप सुरू होत होता. सकाळी गेम चालू झाला, पण ताबुतांच्या जागी नुसतं माळरान होतं. मी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघितली. बदललेले सेक्टर होतेच, वाचता न येणारेही होते. शिवाय चालू असल्याचे तास बघितले तर ती काही वर्षं सलग चाललेली निघाली. शहरातल्या एका दुकानानं ती नवी म्हणून दिली होती. पोरांनी जगाची एक प्रत काढून ठेवली होती खरी, पण त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि तीही वाचेना.

असं एवढंच नेमकं का गेलं, हे कळलं की खरेदी सोपी होते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जगाचे तुकडे पडतात. 16 बाय 16 ठोकळ्यांचा एक तुकडा, आणि असे 32 बाय 32 तुकडे एका फाईलमध्ये. म्हणजे एक फाईल बिघडली तर 512 बाय 512 ठोकळ्यांचा मुलूख धोक्यात. खेळ चालू असताना सर्व्हर या फाईलींत इथं थोडं, तिथं थोडं सारखं लिहीत असतो. नेमकं तेव्हाच लाईट गेली तर लिखाण अर्धवट राहतं.

फिरत्या हार्ड डिस्कला हे तुटक लिखाण झेपत नाही. 7200 आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायलाच 8 मिलिसेकंदांवर वेळ लागतो, त्यात डोकं हलवायचा वेळ वेगळा. आणि माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 ठोके मारतो, एका ठोक्याला मिळतात 50 मिलिसेकंद. चारपाच जण चार दिशांना पळाले की डिस्क मागं पडते आणि खेळ अडखळतो. त्यातही एसएमआर प्रकारची डिस्क या कामाला घेऊच नका. तिच्यावरचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, खालचं एक बदलायचं तर वरची सगळी उचलावी लागतात. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क अशा आहेत, हे गिऱ्हाइकांना 2020 मध्ये कळलं. त्यानंतर कंपनीनं जुन्या पद्धतीच्या डिस्क रेड प्लस नावानं वेगळ्या केल्या. म्हणून मॉडेल नंबर घरी तपासून मगच दुकानात जा. नुसत्या प्रती ठेवायला मात्र अशी डिस्क चालते.

जग ठेवायला एसएसडीच हवी. साधी साटा जोडणीची पुरते, महागड्या एनव्हीएमईनं या कामात फारसा फरक पडत नाही. बघायचं ते आत टीएलसी आहे की क्यूएलसी. क्यूएलसीत एका कप्प्यात चार बिट कोंबतात, त्यामुळं ती स्वस्त पडते, पण झिजतेही लवकर. दुसरा आकडा टीबीडब्ल्यूचा, म्हणजे एकूण किती लिखाणाची हमी आहे. नावाजलेल्या कंपनीच्या 500 जीबी टीएलसीवर 300 टीबी आणि पाच वर्षं असं लिहिलेलं सापडतं. दिवसाला 160 जीबी झाले, घरच्या खेळाला भरपूर. डिस्क जुनी असो वा नवी म्हणून दिलेली, दुकानातच जोडून चालू तास बघायचे. दुकानदार दाखवायला तयार नसेल तर उठून यायचं. तासांचा आकडा पुसताही येतो, म्हणून अनुक्रमांक टाकून कंपनीच्या साईटवर वॉरंटी बघून घ्या.

पण एसएसडी घेतली म्हणून लाईटचा प्रश्न सुटत नाही. लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारे कपॅसिटर मोठ्या सर्व्हरच्या एसएसडीत असतात, घरगुतीत बहुधा नसतात. गावात घरोघरी इन्व्हर्टर आहे, तर त्याच्या पाठीमागचं बटण बघा. पुष्कळ इन्व्हर्टरना यूपीएस आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये तो बदली व्हायला उशीर करतो. पंखे-दिव्यांना ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून परत सुरू होतो. यूपीएस मोडमध्ये बदली चटकन होते, पण व्होल्टेज थोडं खाली आलं तरी तो बॅटरीवर जातो. शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आपल्याकडं व्होल्टेज पडतंच, तेव्हा बॅटरी दमदार हवी. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

माझा स्वतःचा कल आता जुन्या लॅपटॉपकडं आहे. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. मोठा डबा सतत 60 वॅट ओढत असेल तर महिन्याला 43 युनिट होतात, 20 वॅटच्या लॅपटॉपचे 14. शंभर युनिटच्या पुढं दर चढतो, हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. बॅटरी धड असावी आणि चार्जिंगला 80 टक्क्यांची मर्यादा घालता यावी, नाहीतर चोवीस तास जोडून ती फुगते. पत्र्याखाली ठेवू नका. उसाचं पाचट पेटवायच्या दिवसांत काजळी पंख्यात जाऊन बसते, तेव्हा जाळी साफ करत राहा.

प्रोसेसरबद्दल एवढंच की या गेमचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळं कोअर मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग बघा. घरच्या पाचसहा पोरांसाठी मशीनमध्ये 8 जीबी रॅम असली तर त्यातली 4 गेमला देऊन भागतं.

प्रत मात्र दुसऱ्या डिस्कवर आणि आणखी एक दुसऱ्या गावात. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या तरी ती प्रत धरू नका, चुकून पुसलेलं दोन्हीकडून जातं. चालू सर्व्हरची फाईल तशीच कॉपी केली तर अर्धवट येऊ शकते. आधी सेव्ह-ऑफ, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग कॉपी, मग सेव्ह-ऑन. आणि अधूनमधून त्या प्रतीवरून गेम खरोखर सुरू करून बघायचा. आमच्याकडं हे काम कोइंबतूरची पुतणी करते. प्रत तिच्याकडं जाते, ती तिथं चालवून बघते आणि फोन करते, "काका, आली."

मशीन आणण्याआधी नेटवाल्याला एक विचारा, पब्लिक आयपी मिळतो का? पुष्कळ फायबर जोडण्यांत अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता असतो, मग बाहेरगावची भावंडं थेट आत येऊ शकत नाहीत. जादा पैसे भरून तो मिळतो का, की मधली एखादी सेवा वापरावी लागेल, हे आधी ठरवा. आणि फायबरच्या डबीलाही 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, कारण लॅपटॉप चालू राहिला आणि डबी बंद पडली तरी खेळ तुटतोच.