घरातील बिनतारी वाट

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. १७२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या गावाजवळ मोठी लढाई झाली. निजाम-उल्-मुल्काने तीत मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणांगणावर पडला आणि हैदराबादच्या निजामाच्या स्वतंत्र राज्याचा पाया येथे घातला गेला. विजेत्याने गावाचे नाव पालटून फत्तेखेर्डा असे ठेवले. पण लोकांच्या जिभेवरून जुने नाव काही हलले नाही.

या लढाईची वार्ता दिल्लीस पोहोचवावयाची, तर मधले अंतर हजार किलोमीटरांच्या घरात होते. वाटेत नद्या, घाट आणि अरण्ये. जासुदाने घोडा कितीही पिटाळला, तरी कित्येक दिवस लागावयाचेच. पत्र थैलीत घालून तिच्या तोंडावर लाखेची मोहोर उठवीत. मराठ्यांच्या दफ्तरांत तर पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का करीत. हेतू हा की, त्यापुढे कोणास मजकूर वाढविता येऊ नये. निरोप धाडणाऱ्या माणसास त्या काळीही दोन काळज्या होत्या. एक, वाट मोकळी असावी. आणि दुसरी, परक्या माणसाने थैली उघडू नये.

आज त्याच गावात शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल फोन असतो. जासूद गेला, घोडा गेला. परंतु त्या दोन काळज्या मात्र आहेत तशाच आहेत. त्या कशा, हे पाहण्यासाठी साखरखेर्ड्यातील एका घराची कल्पना करू.

या घरात आजोबा, आईवडील, सातवीत शिकणारी मुलगी आणि महाविद्यालयात जाणारा तिचा थोरला भाऊ अशी पाच माणसे राहतात. वडिलांनी शेतात सोयाबीन आणि तूर पेरली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ते पाठवावयाचे. त्यावरून सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पिकाची नोंद होते. अतिवृष्टीने पीक गेले आणि मदत मागण्याची वेळ आली, तर ही नोंद मोलाची ठरते. नोंदीस मुदत असते. मुदतीचे दोनच दिवस उरले असता वडील संध्याकाळी शेतातून परतले, ते चिंतातुर होऊनच.

“फोटो तर काढला,” ते म्हणाले, “पण शेतात नेटवर्क नाही. तो फोनमध्येच अडकून पडला आहे. आणि फोनची बॅटरीही संपत आली.”

येथे एक शंका कोणासही येईल. शेतात नेटवर्क नव्हते, तर आपण नेमके कोणत्या जागी उभे आहोत, हे फोनला कसे उमगले? कारण, जागा ठरविण्याचे काम मोबाइलचा टॉवर एकटा करीत नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर काही कृत्रिम उपग्रह फिरत असतात. ते अखंड आपली वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे बोल कानी पडले, की कोणता बोल किती उशिराने आला, यावरून फोन आपली जागा गणिताने काढतो. म्हणून अशा वेळी झाडाखाली किंवा गोठ्यात उभे राहू नये. उघड्या आभाळाखाली यावे आणि थोडा धीर धरावा. बॅटरी उतरली, तीही उगीच नव्हे. टॉवर दूर असला, की फोनला आपला आवाज चढवावा लागतो. पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना आपण चढवतो तसाच. त्यात वीज अधिक खर्च होते आणि फोन तापतो. जेथे नेटवर्क नाहीच, तेथे फोन ‘विमान’ स्थितीत ठेवला, तर ही व्यर्थ हाकाटी थांबते. बहुतेक फोनांत उपग्रहांचे बोल तेव्हाही ऐकू येतात.

घरात वाय-फाय होते. तरीही वडील मागल्या खोलीत फोन चार्जरला लावून बसले, तेव्हा छायाचित्र जाईना. भाऊ म्हणाला, “या कंपनीची लाइनच वाईट आहे.” मुलगी काही बोलली नाही. तिने वहीचा एक कागद घेतला, त्यावर घराचा नकाशा काढला आणि दुसरा फोन हातात धरून ती खोलीखोलीतून हिंडू लागली. फोनच्या माथ्यावर वाय-फायच्या ज्या कमानी दिसतात, त्या प्रत्येक जागी मोजून तिने नकाशावर आकडे मांडले. ओसरीत तीन, मधल्या घरात दोन, स्वयंपाकघरात एक आणि मागल्या खोलीत शून्य. लाइन वाईट असती, तर ओसरीतही काम झाले नसते. तेव्हा दोष लाइनचा नव्हता. घरातल्या घरात वाट अडली होती.

राउटर ओसरीतील कोनाड्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवलेला होता. त्याच्या पुढ्यात लोखंडी कपाट होते. धूळ बसू नये म्हणून आईने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता. बिचाऱ्या राउटरची स्थिती तळघरात ठेवलेल्या कंदिलासारखी झाली होती!

कंदिलाची ही उपमा पुष्कळ दूरपर्यंत खरी आहे. राउटर ज्या लहरी फेकतो, त्या प्रकाशाच्याच जातीच्या असतात. फक्त त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे बळही थोडे. घरातील विजेचा साधा दिवा नऊ वॅटांचा असतो, तर राउटरच्या लहरींची शक्ती सामान्यतः एक दशांश वॅटच्या आसपास असते. एवढ्याशा बळावर त्यांना भिंती ओलांडावयाच्या असतात. लोखंडी पत्रा त्यांना माघारी परतवितो. पाणी त्यांना पिऊन टाकते. म्हणून भरलेली टाकी मध्ये आली, की पलीकडे लहरींची सावली पडते. जुन्या घराची जाड मातीची भिंत त्यांना थकविते, आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर अधिकच थकविते.

पुष्कळशा राउटरांत दोन प्रकारच्या लहरी असतात. एकीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसरीची सुमारे सहा सेंटिमीटर. फोनवर त्यांची नावे २.४ आणि ५ या आकड्यांनी दिसतात. गावात रात्री भजन चालू असले, म्हणजे दूरच्या घरात पखवाजाची घुमी ऐकू येते, पण झांजेचा नाद वाटेतच विरतो. येथेही तसेच होते. लांब लहर भिंती ओलांडून दूर जाते, परंतु तिच्यावर ओझे कमी मावते. आखूड लहर भराभर ओझे वाहते, पण एकदोन भिंतींतच दमते. राउटरच्या खोलीत बसून काम करावयाचे असेल, तर ५ ची वाट धरावी; मागल्या खोलीत बसावयाचे असेल, तर २.४ ची. हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक कंपनीस बोल लावीत बसतात.

भाऊ आणि बहीण यांनी राउटर कोनाड्यातून काढून मधल्या घरात, माणसाच्या डोक्याहून उंच अशा फळीवर ठेवला. रुमाल काढून टाकला, कारण तापलेले यंत्र मंद चालते. भावाने राउटरच्या दोन्ही दांड्या मागल्या खोलीच्या दिशेने रोखल्या. वाटावे तसे वाटले त्याला. दांडी ज्या दिशेला रोखावी, तिकडे लहरी जातील, असे कोणासही वाटते. प्रत्यक्षात दांडीच्या टोकाकडे लहरी फारच थोड्या जातात. त्या चोहो बाजूंना पसरतात. बहिणीने दांड्या सरळ उभ्या केल्या आणि पुन्हा नकाशा घेऊन ती हिंडली. मागल्या खोलीत दोन कमानी आल्या. वडिलांच्या फोनवरील छायाचित्र गेले, नोंद झाली, आणि घरात चहा ठेवला गेला.

राउटर हलविताना एक तार मात्र जपावी लागली. घरात येणारी ती बारीक तार तांब्याची नव्हती. तिच्यात केसासारखा बारीक काचेचा तंतू होता. अशा तंतूत एका टोकाने प्रकाश सोडला, तर तो आतल्या आत परावर्तन पावत दुसऱ्या टोकाशी निघतो. नरिंदरसिंह कपानी या भारतीय शास्त्रज्ञाने १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेण्याचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले की, काच पुरेशी शुद्ध केली, तर तिच्यातून दूरवर संदेश धाडता येतील. त्याबद्दल काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे साखरखेर्ड्याहून दिल्लीचे अंतर तो सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शात तोडील. मात्र हा तंतू करकचून वाकविला, तर प्रकाश वळणावर बाहेर गळतो. फार वाकविला, तर काच मोडते. म्हणून उरलेल्या तारेचे ताटाएवढे सैल वेटोळे करून खिळ्यावर अडकवावे. तिला गाठ मारू नये.

विजा कडाडू लागल्या, तर राउटरचा आणि चार्जरचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. काचेतून वीज वाहत नाही हे खरे. पण विजेच्या तारांतून आलेला झटका यंत्र जाळू शकतो.

आता दुसरी काळजी, थैलीच्या मोहोरेची. भावाने वाय-फायचा पासवर्ड म्हणून वडिलांचा मोबाइल क्रमांक ठेवला होता. लक्षात ठेवावयास सोपा, हे त्याचे कारण. बहिणीने त्याला हिशेब करावयास बसविले. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. तेव्हा असे क्रमांक फार तर ४०० कोटी होतील. चोराचे यंत्र सेकंदास १० लाख किल्ल्या लावून पाहते असे धरले, तर सगळ्या किल्ल्या ४,००० सेकंदांत, म्हणजे तासाहून थोड्याच अधिक वेळात लावून होतात. आणि चोर गावातला असेल, तर त्याला तेवढेही कष्ट नकोत. वडिलांचा क्रमांक दुकानाच्या उधारीच्या वहीतही आहे! याउलट, इंग्रजीची २६ अक्षरे वाटेल तशी घेऊन १२ अक्षरांचा पासवर्ड केला, तर त्याच यंत्रास सर्व किल्ल्या लावून पाहण्यास सुमारे ३,००० वर्षे लागतात. भावाने हिशेब दोनदा ताडून पाहिला आणि निमूटपणे पासवर्ड बदलला. राउटरच्या आतील व्यवस्थेस निराळी किल्ली असते. ती कारखान्यातून येते तशीच पुष्कळांच्या घरी राहून जाते; तीही त्याने बदलली.

परंतु कुलूप कितीही भक्कम केले, तरी घरच्या माणसानेच किल्ली बाहेर दिली तर काय? दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचा फोन वाजला. पलीकडचा मनुष्य अदबीने बोलत होता. “आजोबा, मी बँकेतून बोलतो. तुमचे खाते आज बंद होणार आहे. आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा, म्हणजे झाले.” खात्यात आजोबांनी कापसाच्या विक्रीतून शिल्लक टाकलेले पैसे होते. आकडे आले. आजोबांनी चष्मा लावला आणि पहिले दोन आकडे वाचलेही.

नात दारातून आत येत होती. “आजोबा, थांबा!” ती म्हणाली. “फोन ठेवून द्या.”

“अगं, खातं बंद होईल म्हणतो तो.”

“बंद होत असेल, तर उद्या आपण दोघं बँकेत जाऊन विचारू. आधी ठेवा तो.”

आजोबांना तिचा थोडा राग आला. वडीलधाऱ्या माणसास असे तोडून बोलणे त्यांना रुचले नाही. तरी त्यांनी फोन ठेवला. ते सहा आकडे म्हणजे ओटीपी, एकदाच चालणारी किल्ली होय. आपण स्वतः व्यवहार करीत असताना ती यंत्रात भरावयाची असते. ती कोणास बोलून दाखवावयाची नसते, आणि बँकेचा खरा माणूस ती कधीच विचारीत नाही. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितक्या लवकर कळवावे, तितकी ते पैसे वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. फोन हरवला, तर तो बंद पाडण्याची सोय केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या व्यवस्थेत आहे. त्यासाठी फोनचा १५ अंकी क्रमांक लागतो. तो फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. खोके टाकून दिले असेल, तर *#०६# हे बटणांनी दाबावे, म्हणजे तो पडद्यावर दिसतो.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात बँकेत गेले. खाते चालू होते. कारकुनाने पासबुक भरून दिले. आजोबांनी शिल्लक दोनदा वाचली आणि पासबुक सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. घरी परतल्यावर त्यांनी नातीकडून फोनचा पंधरा अंकी क्रमांक लिहून घेतला आणि तो कागद देवघरातल्या डब्यात, शेताच्या जुन्या कागदांबरोबर जपून ठेवला.