सुप्याकडील माळास जिवंत माती

सुपे भागातील जिराईत माळ हलका, पाऊस बेभरवशाचा. अशा जमिनीत ज्वारीची धसकटे व तुरीच्या काड्या कच्च्याच गाडू नयेत. त्या कुजविणारे सूक्ष्म जंतू जमिनीतील नत्र स्वतःकरिता ओढून घेतात व पीक पिवळे पडते. यास्तव काडीकचरा बाहेर कुजवूनच शेतात न्यावा. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काडीकचरा, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती व राख यांचे थर देण्याची रीत बसविली. मधून मधून चाळवणी केल्यास सुमारे तीन महिन्यांत खत होते. गोठ्यातील माती उचलण्याचा आळस करणारास ही रीत साधणार नाही.

आमच्याकडे पाणी दुर्मिळ, म्हणून ढिगापेक्षा खड्डा बरा. मात्र तो दोन फुटांहून खोल नसावा, नाहीतर तळाशी हवा पोहोचत नाही. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी. दुर्गंधी सुटल्यास पाणी फार झाले असे समजून खड्डा उपसून मोकळा करावा.

शेतात मेंढ्या बसविण्याची आपली चाल उत्तमच. परंतु धनगरास धान्य द्यावयाचे आणि लेंड्या व मूत आठ दिवस उन्हात तापू द्यावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा. त्यातील नत्र वाऱ्यावर जाते. मेंढ्या उठताच कुळव फिरवावा.