पांढरफळी

पातूरच्या आसपास डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या काठाने, वावराच्या धुऱ्यावर एक काटेरी झुडूप उगवते. पाने लहान, गोलसर. फांदीचे टोकच काटा झालेले असते. याला बारीक पांढरी फळे लागतात. ज्वारीच्या दाण्याहून मोठी, वाटाण्याहून लहान. हीच पांढरफळी.

हे झुडूप आवळ्याच्या कुळातले आहे. पण एक गंमत पाहा. एखादे झुडूप चांगले वाढते, फुलते, तरी त्याला फळ म्हणून धरत नाही. लोक त्याला वांझ म्हणतात. ते वांझ नाही, नर आहे! यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. पपईचे आपण पाहतोच, तसेच हे.

पिकलेले फळ खातात. ढोरांमागे गेलेली पोरे मूठ मूठ तोंडात टाकतात. पण फळ खातात म्हणून झाडाचे सगळेच पोटात जाण्याजोगे आहे असे समजू नये. याची साल कुटून डोहात टाकीत आणि मासे गुंगवून धरीत. मासा गुंगतो ती साल माणसाने तोंडात कशाला घ्यावी?

ढोराच्या जखमेत अळ्या पडल्या तर पांढरफळीचा पाला तंबाखूबरोबर वाटून लावण्याची जुनी रीत आहे. आम्ही तिला हसत नाही. पण जखम खोल असेल तर ढोरांचा दवाखाना गाठावा, हे बरे.

आता मुख्य गोष्ट. कुंपणाला चंद्रज्योतही असते. तिलाच मोगली एरंड म्हणतात. तिचे बी काळे, आतला गर पांढरा. चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, म्हणून पोरे फसतात. थोड्या वेळाने ओकारी, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांना अशी विषबाधा कितीदा तरी झाली आहे. एक पोरगा खातो आणि दहांना वाटतो, त्यामुळे एकदम पुष्कळ मुले आजारी पडतात.

तेव्हा पोरांना हाताला धरून धुऱ्यावर न्या. ही पांढरफळी, ही चंद्रज्योत, असे झाड दाखवून सांगा. घरात बसून नुसते दटावले तर ओळख पटत नाही.

आणि कोणी खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. १०८ नंबरला फोन लावा किंवा लगेच दवाखान्यात न्या. खाल्लेल्या फळाची टरफले, उरलेले बी पुडीत बांधून सोबत घ्या. ते पाहिले म्हणजे डॉक्टरला लवकर उमगते. ज्यांनी ज्यांनी खाल्ले असेल त्या सगळ्या पोरांना न्या, ज्याला अजून काही झाले नाही त्यालाही.