केसभर जागा

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी विस्तवात लाल करतो, हे खेड्यातील मुलांना ठाऊक असते. तापलेली धाव वाढते, लाकडी चाकावर सहज बसते आणि निवताच त्यास घट्ट आवळून धरते. धातू तापला की वाढतो, या नियमाने लोहाराचे काम साधते. स्कूटरच्या इंजिनात मात्र याच नियमाचे भय बाळगावे लागते.

धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. अशा रस्त्यांच्या कडेच्या दुकानांत एखादी जुनी चेतक स्कूटर अजूनही दुरुस्तीस येते. बजाज कंपनीने ती १९७२ साली बाजारात आणली. पेट्रोलवर चालणारी ती गाडी आता निघत नाही. तिच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५७ मिलिमीटर. त्यात अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा पिस्टन, म्हणजे दट्ट्या, मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सिलिंडर झिजतो, त्याची गोलाई बिघडते व इंजिन खडखडू लागते. मग सिलिंडर आतून कातून घेतात आणि किंचित मोठा पिस्टन आणतात. “मिस्त्री, या खेपेस चांगला घट्ट बसवा,” असे गिऱ्हाईक बजावते. जाणता मिस्त्री हे ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे.

५७ मिलिमीटर रुंदीची अॅल्युमिनिअमची चकती १०० अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे ०.१३ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच मापाचे बिडाचे कडे जेमतेम ०.०६ मिलिमीटरने वाढते. त्यातून ज्वाला भडकते ती पिस्टनच्या माथ्यावर. सिलिंडरला निदान पंख्याचा वारा तरी मिळतो. म्हणून दोहोंमध्ये एकदोन केसांच्या जाडीएवढी जागा सोडावी लागते. नेमकी किती, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. या लहान इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच त्या फटीत पातळ थर धरून राहते. फट अपुरी पडली की थर फाटतो, धातूला धातू चिकटतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी जखडते. स्वाराने क्लच दाबण्यापूर्वीच गाडी घसरू शकते. जागा फार ठेवली तर पिस्टन भिंतींवर आपटतो आणि जोर वाया जातो.

खानदेशातील उन्हाळा कडक, तेव्हा येथे थोडी अधिक जागा ठेवावी, असे कोणास वाटेल. इंजिनातील आगीपुढे वैशाखाचे ऊन ते काय! परंतु मोजमाप घेताना ते ऊनच दगा देते. उन्हात पडलेला पिस्टन सावलीतल्या सिलिंडरहून २० अंशांनी जरी अधिक तापला, तरी त्याचे माप सुमारे ०.०२५ मिलिमीटरने वाढलेले दिसते, आणि सोडलेली जागा खोटी ठरते.

म्हणून जळगावच्या मे महिन्यात मिस्त्री घाई करीत नाही. पिस्टन आणि सिलिंडर पुसून तो रात्रभर एकाच फळीवर, सावलीत, शेजारी ठेवतो. गिऱ्हाईक कुरकुरत एस. टी.ने घरी जाते. मोजमाप सकाळी, ऊन चढण्याच्या आत होते.