कुणाच्या पंखाखाली जातेस?

अगं, तुझ्या मॅडम म्हणाल्या, 'आय विल टेक यू अंडर माय विंग', आणि तू तेव्हापासून हवेत! छानच झालं. पण इंग्रजीत आसऱ्याचे शब्द बरेच आहेत, आणि प्रत्येकातलं देणंघेणं निराळं.

पंखाचं सोपं. बायबलमध्ये येशू जेरुसलेमसाठी हळहळतो, तिथेही पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडीच येते. यात माया आहे, शिकवणंही आहे. फक्त पिल्लं मोठी झाली की तीच कोंबडी त्यांना टोचून हाकलते, हे आजीच्या अंगणात आपण दोघींनी पाहिलंय.

'अंडर द एजिस'मध्ये मायेपेक्षा दरारा जास्त. एजिस म्हणजे झ्यूस आणि अथेना या ग्रीक देवतांचं कवच. अथेनाच्या कवचावर तर मेडुसाचं मुंडकं! कुणी तुझ्या वाटेला जाणार नाही, पण ते मॅडमच्या भीतीने.

खरी गोम आहे 'अंडर द ऑस्पिसेस'मध्ये. आपण पत्रिकेवर 'संयुक्त विद्यमाने' छापतो, त्या जागी इंग्रजीत हे येतं. मूळ लॅटिन, अर्थ पक्षी पाहणं. रोमन लोक लढाईआधी पक्ष्यांचा कौल घेत. तो घ्यायचा अधिकार ज्याचा, विजय त्याच्या नावावर. रणात घाम कुणी का गाळेना. ऑगस्टसच्या काळात बहुतेक सेनापती सम्राटाच्या कौलाखाली लढू लागले, आणि इ.स.पूर्व 19 मधल्या बाल्बस या सेनापतीच्या मिरवणुकीनंतर रोममधली विजयाची मिरवणूक सम्राटाच्या घराण्यापुरतीच उरली. ऑफिसात हे रोज चालतं, फक्त पक्षी नसतात.

उलटा प्रकारही असतो बरं का. सॅम्युएल जॉन्सनने 1747 मध्ये शब्दकोशाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून लिहिला. हाती आले दहा पौंड. पुढची वर्षं साहेब गप्प, आणि कोश छापून येण्याच्या बेताला त्यांनी कौतुकाचे लेख लिहिले! जॉन्सनने 1755 च्या फेब्रुवारीत पत्र लिहून तो उशिराचा आश्रय साफ नाकारला. 'पेट्रन', म्हणजे आश्रयदाता, या शब्दाचा अर्थ देतानाही कोशात जाता जाता चिमटा काढलाच. मला हा माणूस फार आवडतो.

तू मात्र एवढ्यात पत्रबित्र लिहू नकोस हं! मॅडम चांगल्या वाटतात, शिकून घे. फक्त त्यांच्यासोबत जो नवा अहवाल करणार आहेस, त्यावर नावं कुणाकुणाची जाणार, हे कामाला हात लावण्याआधी चहा पिताना सहज विचारून घे. आणि उत्तर मेलवर मिळालं तर फारच बरं.