उभ्या पिकाला कोंब का फुटतात?



पाणी, हवा आणि ऊब मिळाली की बी रुजते, हे आपण परिसर अभ्यासात शिकवतो. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मुलं पुढचा प्रश्न घरूनच आणतात : "गुरुजी, मग सोयाबीनला शेंगेतच कोंब का आले?" ऑक्टोबर 2019 च्या परतीच्या पावसात मराठवाड्यात असंच झालं होतं. कोंब फुटला की दाण्यातला साठा खर्ची पडतो, बाजारात भाव पडतो आणि असा दाणा बियाणं म्हणूनही चालत नाही. घरचं वर्षाचं गणितच बिघडतं.

दोष फक्त पावसाचा का? नाही. भुईमूग बघा. उपट्या भुईमुगाला काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर जमिनीतच मोड येतात. पसऱ्या भुईमुगाचे ताजे दाणे मात्र ओलीतही काही आठवडे गप्प राहतात. याला बियांची सुप्तावस्था म्हणतात. सोप्या भाषेत बियांची झोप! ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक बीला झोपवतं, जिबरेलिन जागं करतं. हजारो वर्षं माणसानं पेरल्यावर लवकर आणि एकसारखं उगवणारं बियाणं निवडलं. त्यात पुष्कळ पिकांची ही झोप कमी झाली.

झोप किती, हे वाणाच्या जनुकांवर ठरतं. भातात याचा चांगला अभ्यास झाला आहे. जपानचं 'निप्पोनबारे' हे कमी झोपेचं वाण आणि भारतातलं 'कसालथ' हे गाढ झोपेचं. या दोघांचा संकर करून, गाढ झोपणाऱ्या पिढीत डीएनएचा कोणता तुकडा कायम सोबत येतो, हे शास्त्रज्ञांनी शोधलं. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातलं 'एसडीआर-4' हे जनुक ओळखलं. ते भाताच्या 12 गुणसूत्रांपैकी सातव्यावर आहे.

जनुकाजवळच्या अशा ओळखीच्या तुकड्याला मार्कर, म्हणजे खूण म्हणतात. आपण नाही का पत्ता सांगताना "पाराशेजारचं घर" म्हणतो, तसंच! फायदा काय? रोपाचं एक पान तपासलं तरी कळतं, की पुढे त्याचा दाणा पावसात टिकण्याची शक्यता किती. कणसं पिकायची आणि पाऊस पडायची वाट बघावी लागत नाही. नवं वाण तयार करण्यातला वेळ वाचतो.

पण झोप फार गाढही नको. नाहीतर पेरणीला बी वेळेवर उगवणारच नाही. झोप हवी ती काढणीपुरती.

वर्गात करून बघा : नुकत्याच काढलेल्या उपट्या आणि मिळाल्यास पसऱ्या भुईमुगाचे 10-10 दाणे ओल्या फडक्यात ठेवा. आठवडाभर रोज मोड मोजून मुलांना तक्ता करू द्या. मग विचारा : पाणी सारखंच, ऊब सारखीच, मग फरक कशाचा?

उत्तर मुलांनाच शोधू द्या.