मनाचे दुखणे आणि त्याची भाषा

मानसशास्त्राच्या तासाला 'अवसाद' हा शब्द मी प्रथम ऐकला, तेव्हा तो वहीत व्यवस्थित लिहून घेतला. पण आमच्या चकलांब्यात तो कुणाच्या तोंडून कधी ऐकल्याचे आठवेना. वर्तमानपत्रे त्याच दुखण्याला 'नैराश्य' म्हणतात, डॉक्टर 'डिप्रेशन' म्हणतात. गावातला माणूस यांपैकी काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, "गमंना," "अन्न गोड लागंना," "अंगातलं अवसानच गेलंय," नाहीतर नुसतेच "लई टेन्शन हाय." आजार एक आणि त्याची नावे अशी चार. मग ज्याला तो झाला आहे त्याने तो कोणत्या भाषेत सांगावा, आणि ऐकणाऱ्याने कोणत्या भाषेत ऐकावा? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. माझा एक चुलतभाऊ चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. 2023 च्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण तुटले, गावाकडे फोन करणे बंद झाले. रक्त तपासले, छातीची पट्टी काढली. सगळे ठीक निघाले. शेवटी एका डॉक्टरांनी त्याला मानसोपचाराचा सल्ला दिला. पुढे जे घडले ते त्याने मला सांगितले आहे, आणि त्याच्या परवानगीनेच मी येथे लिहीत आहे. त्याचे नाव मात्र लिहीत नाही. लेखात त्याला दादाच म्हणते, कारण घरीही मी तेच म्हणते.

आजार म्हणजे नेमके काय?

दुःख होणे म्हणजे आजार नव्हे. पीक गेले, माणूस गेले, परीक्षेत अपयश आले तर मन खिन्न होणारच. परंतु उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे ही स्थिती जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली; त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड झाला; आपण कुचकामी आहोत असे वाटू लागले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, आणि रोजचे काम अडू लागले, तर त्यास आजार समजावे असे शास्त्र सांगते. तो मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. सामान्यतः 10 किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञाने नीट तपासणी करावी असा संकेत आहे.

आपल्या देशात 2015-16 साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार झालेल्यांचे प्रमाण साधारण वीस प्रौढांमागे एक असे आढळले, आणि महानगरांत ते अधिक दिसले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही की, आजारी असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण 85 टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे शंभरांतील पंधरा जणांपर्यंतच उपचार पोहोचला.

शहर मोठे, म्हणून उपचार दूर

खेड्यात तज्ज्ञ नाहीत हे आपण जाणतोच. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. पण शहरात तज्ज्ञ असूनही ते दूर असतात, हे मला दादामुळे कळले. पुणे आता चाकणपासून हडपसरच्या पलीकडेपर्यंत पसरले आहे. दादाची खोली एका टोकाला, समुपदेशक ताईंचे दालन शहराच्या मध्यावर. दोन बस बदलून जायचे आणि तसेच परत यायचे. एक तासाच्या बोलण्यासाठी दिवस मोडायचा आणि त्या दिवसाची हजेरी बुडायची. ज्या आजारात अंथरुणातून उठणेच जड जाते, त्या आजारावरच्या उपचारासाठी एवढी पायपीट! दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. तेव्हा ताईंनीच फोनवरून, चित्र दिसेल अशा पद्धतीने, बोलण्याचे सुचविले.

असा दूरचा उपचार खरोखर लागू पडतो काय? अमेरिकेतील शिकागो परिसरात 325 रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना समोरासमोर, निम्म्यांना दूरध्वनीवरून तोच उपचार देण्यात आला. उपचार अर्धवट सोडणारे समोरासमोरच्या गटात सुमारे 33 टक्के होते, दूरध्वनीच्या गटात सुमारे 21 टक्के. उपचार संपला तेव्हा गुण दोन्हीकडे सारखाच होता. मात्र सहा महिन्यांनी पाहता समोर बसून उपचार घेतलेल्यांची प्रकृती थोडी अधिक चांगली टिकली होती. याचा अर्थ दूरचा उपचार निरुपयोगी नाही, आणि प्रत्यक्ष भेटीची उणीव तो पूर्णपणे भरूनही काढत नाही.

आपल्याकडे 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि अशा उपचाराला स्पष्ट चौकट मिळाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा त्याआधीच, 2012 पासून, दूरध्वनीवरून समुपदेशन करीत आली आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारने 'टेली-मानस' सुरू केले. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीसह अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.

'सुधरंना' म्हणजे काय?

आता भाषेकडे वळू. दादाच्या ताई वाढल्या परप्रांतात, शिकल्या इंग्रजीतून. मराठी त्यांना येत होती, पण ती पुण्याची. त्यामुळे निम्मे बोलणे मराठीत, निम्मे हिंदीत चाले. एकदा दादा म्हणाला, "ताई, मला काहीच सुधरंना." ताईंनी टिपून घेतले की, प्रकृतीत सुधारणा नाही. पुढचा पाऊण तास त्या उपचार बदलावा का, औषध लागेल का, यावर बोलत राहिल्या आणि दादा गोंधळून ऐकत राहिला. आपल्याकडे 'सुधरंना' म्हणजे सुचेना, डोके चालेना! तो आपल्या एकाग्रतेविषयी सांगत होता. प्रकृती तर त्या आठवड्यात थोडी बरीच होती. पुढच्या खेपेला त्याने धीर करून ते सांगितले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माफी मागितली आणि तेव्हापासून अडलेला प्रत्येक शब्द विचारून घ्यायचा असा नेम केला. दादा म्हणतो, "त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की, ही बाई माझं ऐकतीय."

दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे. "जीव नकोसा झालाय" हे वाक्य आपल्या घरात आई दिवसातून दोनदा म्हणते, उन्हाला आणि माश्यांना कंटाळून. तेच वाक्य दादा म्हणाला. ही बोलण्याची रीत की खरोखरीचा धोका? येथे अंदाज करून चालत नाही. ताईंनी सरळ विचारले, "मरून जावं, असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असे तज्ज्ञ सांगतात. दादा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "येतं." त्या एका उत्तरावरून पुढची सगळी व्यवस्था झाली. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी झाली, औषध सुरू झाले, खोलीतल्या मित्राला विश्वासात घेतले गेले. हा प्रश्न संदिग्ध भाषेत विचारला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करू शकत नाही.

तिसरे उदाहरण सुखाचे आहे. या उपचारात रुग्णाला पूर्वी आनंद देणारी लहान लहान कामे ठरवून पुन्हा करायला लावतात. मन लागेल तेव्हा काम करू असे न म्हणता, आधी काम आणि मागाहून मन, असे त्याचे सूत्र आहे. ताईंनी विचारले, "तुमचे छंद काय?" दादा म्हणाला, "काहीच नाहीत." छंद हा शब्द त्याला सुटाबुटातला वाटला. मग त्यांनी विचारले, "गावी असताना संध्याकाळी काय करत होता?" तेव्हा पखवाज निघाला! चकलांब्यात असताना तो हरिपाठाला साथ करायचा. चाकणहून आळंदी किती जवळ! दर रविवारी तेथे जाऊन भजनात बसायचे असे ठरले. सुरुवातीला नुसता बसायचा. दोन महिन्यांनी पखवाज पुढ्यात घेतला.

परभाषेचाही उपयोग आहे

यावरून केवळ मातृभाषाच उपयोगी असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा होईल. तुर्की आणि इंग्रजी जाणणाऱ्यांवरील एक प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणीची रागावण्याची वाक्ये मातृभाषेत ऐकविली असता त्वचेवर मोजली जाणारी भावनिक प्रतिक्रिया अधिक तीव्र आढळली. नंतर शिकलेल्या भाषेत ती सौम्य होती. मातृभाषेतील शब्द मनाला अधिक भिडतो हे खरे. पण म्हणूनच काही गोष्टी तीत उच्चारवत नाहीत. दादाने वडिलांच्या कर्जाविषयी आणि स्वतःच्या शरमेविषयी प्रथम सांगितले ते हिंदीत. "मराठीत तोंडच उघडंना," तो म्हणाला. थोडे दिवस गेल्यावर तेच तो मराठीत सांगू शकला, आणि तेव्हा रडला.

आणखी एक गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. चाकणला त्याच्या खोलीत तिघे जण बिहारचे. तेथे मराठी हाच त्याचा आडोसा होता. दिवाळीत तो चकलांब्याला आला तेव्हा नेमके उलटे झाले. घर दोन खोल्यांचे, मराठी सगळ्यांनाच कळणारी. मग तो गच्चीवर बसून हिंदीत बोलायचा. ज्याला स्वतंत्र खोली परवडत नाही, त्याला भाषाच भिंतीचे काम देते.

समारोप

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाच्या संमतीची व्याख्या करताना माहिती त्याला समजेल अशा भाषेत व रीतीने दिली पाहिजे, असे म्हटले आहे. भाषा समजून घेणे ही कायद्याचीच अपेक्षा आहे. गोव्यातील 'संगत' या 1996 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने एक पाऊल पुढे टाकून दाखविले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकरवी सहा ते आठ बैठकांचा उपचार देण्यात आला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी तो मिळालेल्यांपैकी 64 टक्के आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. लोकांची बोली जाणणाऱ्या माणसाला शिकवून तयार करता येते, हा त्याचा मला उमगलेला अर्थ.

फोनवरच्या उपचाराच्या मर्यादा विसरून चालणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हा जवळचे माणूस आणि जवळचे रुग्णालय यांना पर्याय नाही. रेंज तुटते, पैसे लागतात, आणि समोरचा माणूस खरोखर शिकलेला आहे की नाही हे पाहून घ्यावे लागते. दादाही पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. औषध चालू आहे, महिन्यातून एकदा बोलणे चालू आहे.

आपल्या महाविद्यालयातील किती तरी विद्यार्थी पदवीनंतर पुणे-मुंबईची वाट धरतील. काहींचे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि ती मुले आताच घरी एकटी असतात. म्हणून माझी विद्यार्थीमित्रांना विनंती आहे की, कुणी "गमंना" म्हणाले तर "होईल बरं" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, आणि त्याच्याच शब्दांत विचारा, "गमंना म्हणजे काय होतंय?" आणि प्राध्यापकांना नम्र सूचना आहे की, बीड जिल्ह्यातील माणसे मनाच्या दुखण्यासाठी जे शब्द वापरतात त्यांचा एक छोटा संग्रह मानसशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी मिळून करावा. पहिला शब्द मी देते : सुधरंना.